अप्पांचे गुडघे

आमचे अप्पा शहराबाहेरच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात कामगार होते. आम्ही राहायचो त्या नल्लकुंट्यात कुणी विचारलं तर सरळ सांगायचे, "बारूद भरतो." तोफगोळ्याच्या टोकाला फ्यूज बसतो, गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा. त्यात चिमूटभर स्फोटक दाबून बसवायचं, हे त्यांचं काम. त्या खोलीच्या दाराशी भिंतीवर एक पितळी पत्रा होता. आत जायच्या आधी दोन्ही तळवे त्यावर टेकवायचे, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. विसरलं तर एक ठिणगी पुरे. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाचे हात ऐकतात होय? कुणाच्याही घरी गेले तरी अप्पा आधी दाराच्या कडीला नाहीतर जाळीला तळवे टेकवायचे, एक श्वास थांबायचे आणि मग उंबरा ओलांडायचे. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटायला लागलं ते कॉम्प्युटरची हवा सुरू झाल्यावर. सरकारी कारखाने आता विकणार, बंद करणार, असं जो तो बोलत होता आणि मला शहरातल्याच तारनाक्याचं स्थळ आलं होतं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, माणसं मूळची पुण्याची, बोलणं एकदम छापील. मुलगा मला फार आवडला होता. मी मोठी शहाणी, त्याला सांगून बसले की अप्पा सरकारी अधिकारी आहेत. घरी येऊन अप्पांना बजावलं, "तिथे बारूद-बिरूद काढू नका." ते म्हणाले, "हौ बाई, नाही काढत."

तोंडाने नाहीच काढलं त्यांनी. मुलाच्या घरी बोलणी करायला गेलो तेव्हा तीन जिने माझ्या पुढे भराभर चढले आणि सवयीने दाराच्या लोखंडी जाळीवर तळवे टेकवून उभे राहिले. तेवढ्यात दार उघडून मुलाची आई समोर आली. "काय होतंय का तुम्हाला?" अप्पा सांगणार, हे मला दिसलं. त्यांच्या आधी मीच बोलले, "गुडघे दुखतात त्यांचे. आधार घ्यावा लागतो."

अप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते लंगडत आत गेले.

लग्न झालं. मांडवातही अप्पा लंगडत फिरले. सासरची माणसं नल्लकुंट्याला आली की ते खुर्चीतून उठायचेच नाहीत. सासूबाई मनाने चांगल्या, तेच नडलं. मला म्हणाल्या, "अगं, त्यांना तीन जिने कशाला चढवतेस? ते आले की आपणच खाली जाऊ." झालं. त्यानंतर अप्पा कधी वर आले नाहीत. आम्ही खाली जायचो, ते फाटकाशी उभ्या उभ्या बोलायचे. नातवाने हात वर केले तरी त्याला खांद्यावर घ्यायचे नाहीत. गुडघे दुखत होते ना त्यांचे!

एका उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. कारखान्यात रविवारीही दोन-दोन पाळ्या चालायच्या. त्यातूनच वेळ काढून अप्पा एकदा नातवासाठी बेनिशान आंबे घेऊन आले. फाटकावर पिशवी दिली, पोराच्या गालाला हात लावला आणि गेले. मी वर आले तर सासरे टीव्हीसमोर बसून नातवाला तोफा दाखवत होते. "बघ, गोळा कसा नेमका जागेवर फुटतो!" त्यातला एखादा फ्यूज अप्पांच्या हातचा असेल, एवढं तरी म्हणायला माझ्या जिभेला काय लकवा भरला होता? पण एक सांगितलं की सगळंच सांगावं लागलं असतं. मी आंबे पाण्यात टाकायला स्वयंपाकघरात गेले. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण तिचा कुणाला काय उपयोग?

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी अप्पा गेले. शेवटपर्यंत ते रोज पायी मंडईत जात होते. दिवस झाल्यावर मी तारनाक्याला परतले. सासूबाईंनी मला जवळ घेतलं आणि त्या खरोखर रडल्या. म्हणाल्या, "बिचारे. लेकीचा संसार आत येऊन बघायचाही राहिला. गुडघ्यांनी दगा दिला गं त्यांना."

मी म्हणाले, "हो ना."