कोरड्या गटारात पडलेला फोन

टॉवेल कारखान्याच्या डाईंगचं लाल पाणी शेजारच्या वस्तीच्या गटारातून वाहतं, ही बातमी माझ्या नावाने छापून आली. मालकाने अब्रूनुकसानीचा दिवाणी दावा लावला. त्याचं म्हणणं दाव्यात स्पष्ट होतं: ते गटार बाराही महिने कोरडं असतं. पुढे कोर्टाने आदेश दिला की बातमीशी संबंधित सगळे मेसेज, फोटो आणि रेकॉर्डिंग मी शपथपत्रासह हजर करावीत.

फोनमध्ये फोटो होते, आणि त्याच डाईंग खात्यात कामाला असलेल्या एका बाईचे आवाजी मेसेज. पाळी बदलताना पाणी कसं सोडतात, हे तिने तेलुगू वळणाच्या मराठीत सांगितलं होतं. तिचं नाव त्यात नव्हतं. त्याने काही फरक पडत नव्हता.

"अक्का, मी नुसती खोकले तरी मुकादम ओळखतोय की," ती म्हणाली. "काम गेलं तर दुसरीकडं कोण घेतंय? सगळे मालक एकमेकांचे पाहुणे."

माझ्या वकिलांनी चहा मागवला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, फोन जुना आहे. पाण्यात पडला म्हणू. सगळे म्हणतात."

"चार दिवसाआड नळ येतो आपल्याकडं. फोन बुडवायला पाणी कुठलं, साहेब?"

ते हसले. "मग नाव द्यावं लागेल."

"नाव देणार नाही. मेसेजही पुसणार नाही."

"दोन्ही कसं जमेल?"

"तसंच शपथपत्रात लिहा."

आदेशाच्या दिवसापासून फोनमधलं काहीच पुसलं नाही. एक मेसेज गायब झाला की उरलेल्या सगळ्यांवर संशय येतो. फोन भरला, अडकू लागला. त्यात नातेपुत्याची मावशी रोज सकाळी फुलांचे व्हिडिओ धाडते.

"माजी फुलं बी जज्ज बघणार व्हय?" तिने विचारलं.

"नाही गं मावशी. फक्त बातमीचं जाणार."

"बघू दे की! लई निवडून धाडते मी."

शपथपत्र सरळ होतं. आवाजी मेसेज आहेत. त्यांचा मजकूर जोडला आहे. ओळख पटेल असे शब्द काळे केले आहेत. बोलणाऱ्या व्यक्तीचं काम जाईल म्हणून नाव सांगणार नाही. मूळ आवाज बंद लिफाफ्यात, फक्त न्यायाधीशांसाठी. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्याने लागणारं प्रमाणपत्र आणि प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये किंचित फेरफार झाला तरी बदलणारा आकडा.

"ही लपवाछपवी आहे," मालकाचे वकील म्हणाले.

"लपवायचं असतं तर मेसेज आहेत हे तुम्हाला कळलंच नसतं," आमचे वकील म्हणाले. मग त्यांनी आमचा अर्ज पुढे केला: हाच नियम मालकालाही लावा. मुकादमांच्या ग्रुपवरचे त्या काळातले मेसेज हजर करा.

अर्ज मंजूर झाला. पुढच्या तारखेला डाईंगच्या मुकादमाचं शपथपत्र आलं. त्यात लिहिलं होतं: त्याचा फोन शेजारच्या वस्तीच्या त्याच गटारात पडला आणि पाण्याबरोबर वाहून गेला.

आमचे वकील उठले. मूळ दाव्याचं पान उघडून त्यांनी पुढे ठेवलं.

न्यायाधीशांनी दोन्ही कागद वाचले. "कोरड्या गटारातून वाहून गेला?"

मालकाचे वकील मुकादमाकडे बघत राहिले. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

ग्रुपमधल्या बाकीच्यांचे फोन आता मागवले आहेत. दावा चालू आहे. नाव मागणारा मालकाचा अर्जही चालू आहे. लिफाफा अजून बंद आहे आणि ती बाई रोज कामावर जाते. आदेश विरुद्ध गेला तर वरच्या कोर्टात जाऊ. तिथे जे मागतील ते सगळं देऊ: फोन, फोटो, मजकूर, हवी तर मावशीची फुलंसुद्धा. नाव मिळणार नाही.