इंजिनाचा कौल

आमच्या घरी कंप्युटर आला तो माझ्यासाठी, आणि गेला बाबांच्या ताब्यात. कॉलेजात असताना मी हट्टाने घ्यायला लावला होता, तोही गेम खेळण्यासाठीच, अभ्यासाचं नाव पुढे करून. मुलीने असले गेम खेळणं आईला पटायचं नाही, म्हणायची, "चेडवाच्या जातीक ही ढिश्यांव ढिश्यांव कित्याक गो?" पुढे मी पणजीला नोकरीला लागले, आणि तो कंप्युटर खिडकीपाशी मेजावर धूळ खात पडला.

बाबा मायनिंगच्या ट्रकवर होते. मुळगावच्या आमच्या घरापासून खाण जवळच. खाणीवरून जेटीवर आणि जेटीवरून खाणीवर, त्यांचं सगळं तरुणपण त्याच रस्त्यावर गेलं. घरी यायचे ते खनिजाच्या धुळीने पापण्यांपर्यंत तांबडे होऊन. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक घराशेजारी उभा राहिला. आज सुरू होतील, उद्या सुरू होतील म्हणून बाबा रोज सकाळी इंजिन चालू करून ठेवायचे. मग बॅटरी गेली, टायर बसले, टपावर वेल चढला. शेवटी भंगारवाल्यांनी येऊन तो गॅसने कापला, तेव्हा बाबा आत भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्यानंतर ते बोलायचेच कमी झाले. एवढा मोठा माणूस घरात असून नसल्यासारखा, हे बघणं मला सहन होत नव्हतं.

म्हणून मी त्यांना ट्रकचा गेम लावून दिला. बाजारात मिळतं तसलं स्टिअरिंग आणलं, खाली पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलेटर. पहिल्या दिवशी त्यांनी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि परदेशातल्या कुठल्याशा गावी लाकडाचा माल पोचवायला निघाले. आई पदर तोंडाला लावून हसली. "खरो ट्रक गेलो, आता ह्यो खेळण्यातलो! म्हाताऱ्याक बालपण इलां." पण माणूस बोलायला लागला. गेममधल्या हायवेवर पेट्रोल पंप असलेलं एक गाव त्यांना फार आवडायचं. त्याला ते आपल्याकडच्या गावाच्या नावाने धारगळ म्हणत. जेवताना सांगायचे, "आज धारगळीक ट्रॅफिक जाम."

एकच गोष्ट घरात धुमसत होती. बाबांना बरीच वर्षं साखर, आणि आता ती पायांत उतरलेली. चालताना चप्पल निसटून मागे राहायची आणि त्यांना कळायचंही नाही. आई ती उचलून आणायची आणि तोंडाने आरती ओवाळायची. तरी रोज सकाळी मला डिचोलीच्या बसस्टँडवर स्कूटरने सोडायचे ते तेच. मलाही ती चालवता यायची, पण चावी कायम त्यांच्या खिशात. मी मागे जीव मुठीत धरून बसायचे. स्कूटर सोडा म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "रोज घाट उतरतंय कंप्युटरार, गाडयेक एक ओरखडो नाय. जा, बघ जा." मी बघितलं होतं. खरंच नव्हता.

पण कंप्युटर म्हातारा झाला होता. शहरात ट्रक शिरला, चार गाड्या समोर आल्या, की सगळं जड व्हायचं. सिग्नल, माणसं, पाऊस, सगळं चिखलातून चालल्यासारखं सावकाश पुढे सरकायचं. बाबांना त्याचं काही नव्हतं. रस्ताच खराब, म्हणायचे. मलाच ते बघवेना. खेळणाऱ्याची नजर माझी, अडखळणारं चित्र मला दातात अडकलेल्या खड्यासारखं सलतं. मी त्यांना समजावलं की बाकी सगळं ठीक आहे, फक्त प्रोसेसर थकलाय. त्याच मदरबोर्डवर बसणारा वरचा प्रोसेसर पणजीला मिळतो.

"पोसेसर म्हंजे?"

"इंजिन समजा."

इंजिन म्हटल्यावर बाबा सरळ बसले. आमच्याकडे इंजिनाचं काम कोणी मनाने करत नाही. ट्रक घेतला तेव्हा देवीला विचारलं होतं, भंगारात विकला तेव्हाही विचारलं होतं. मी खूप हसले, मग चिडले, मग रविवारी निमूट त्यांच्या मागे स्कूटरवर बसले. मनात म्हटलं, चला, तेवढंच त्यांचं समाधान.

देवळात पुजाऱ्यांनी देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पुजारी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले आणि अडले. "नेमकां काय सांगू तिका?" बाबा म्हणाले, "गाडयेक नवीन इंजिन घालतंव, असां सांगा." पुजाऱ्यांनी हात जोडले. "बा गे माऊली, ह्या तुझ्या लेकरान आपल्या गाडयेक नवीन इंजिन घालूचां मनात धरलां हा. गाडी बरी चलतली असात तर उजवो कौल दी."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. मीही म्हणाले.

उजवी पाकळी टपकन पडली. बाबांनी नारळ बोलला: गाडी बरी चालली तर देवीला आणून वाढवीन.

प्रोसेसर मी स्वतः बसवला. आधी मदरबोर्डचं बायोस अपडेट केलं, त्यात लाईट जाऊ नये म्हणून मीही देवीचंच नाव घेतलं, खोटं कशाला सांगू. पंखा काढला, खालची वाळून पापुद्रा झालेली पेस्ट पुसली, जुना प्रोसेसर अलगद उचलला. नवा खाचेत बरोबर बसला. बाबा शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभे, गॅरेजमध्ये उभे राहायचे तसेच. वर झाकण लावल्यावर त्यांनी डब्याला कुंकू लावलं.

दुपारची जेवणं झाली आणि ते बसले. मी मागे उभी. गाडी निघाली ती लोण्यासारखी. झाडं, खांब, समोरून येणाऱ्या गाड्या, काही म्हणता काही अडखळत नव्हतं. "हां!" बाबा ओरडले. "आता बरी पळता गो!" आई हात पुसत बघायला आली. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

पहिल्या वळणावर ट्रक कठड्याला घासला. बाबा हसले. "नवीन इंजिन. हाताक बसाक वेळ लागतलो." पुढच्या वळणावर पुन्हा. मग शहर आलं. सिग्नल लाल झाला, बाबांनी पाय दाबला, आणि ट्रक सरळ पुढे जाऊन एका छोट्या गाडीवर चढला. आवाज मोठा झाला. आई "अगे बाय" म्हणाली.

बाबांनी खाली वाकून पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता. ब्रेकच्या बाजूला, जमिनीवर दाबलेला होता.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. कधी पाय उशिरा, कधी हात उशिरा. तिसऱ्या की चौथ्या वेळी मला कळलं. जुन्या प्रोसेसरला एवढ्या गाड्या एकदम झेपत नव्हत्या, म्हणून तो सगळं जगच सावकाश करायचा. त्या सावकाशीत बाबांच्या पायाला ब्रेक शोधायला वेळ मिळत होता. इतके दिवस एकही ओरखडा नाही तो त्यामुळे. आणि मी, घरातली शहाणी, तेवढा वेळ त्यांच्याकडून काढून घेतला होता.

हे त्यांना सांगू की नको असं झालं. पण ज्याने जन्मभर गाडी ऐकली त्याला काय सांगायचं? ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "म्हंजे आदी गाडीच माका सांभाळून घेय होती."

"जुनो परत घालतंय बाबा. आसा तो, टाकूक नाय."

"नको." स्क्रीन बंद करून म्हणाले, "खोट्या रस्त्यार किती चलवतलंय?"

त्यांनी स्टिअरिंगवर टॉवेल टाकला. तो आठवडाभर कोणी काढला नाही. सकाळी मी रिक्षाने स्टँडवर जात होते. बाबा दारावर येणाऱ्या पाववाल्या पोदेराकडून पाव घेऊन आत यायचे आणि पुन्हा तसेच, असून नसल्यासारखे. आई एकदाही टोचून बोलली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, हातात नारळ घेऊन उभे. देवळात जायचं म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

"कसलो नारळ? कौल चुकलो तिचो! एवढां समोरचां दिसाक नाय तिका?"

"तिका कित्याक बोल लावतंस? आमी इचारलां गाडी बरी चलतली काय. चलली बरी." त्यांनी नारळाची शेंडी सारखी केली. "डायवराचां कोणी इचारलां?"

बाबांनी खिशातून स्कूटरची चावी काढली, क्षणभर हातातच धरली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. मग माझ्या मागे बसले, आयुष्यात पहिल्यांदा. नारळ दोघांच्या मध्ये. बसताना त्यांची चप्पल खाली पडली. मी उतरले आणि ती त्यांच्या पायात घातली.

देवळाच्या आधी उतार आहे, उताराखाली वळण. समोरून एक गाडी आली. माझ्या पाठीमागे बाबांचा उजवा पाय पायदानावर जोरात दाबला गेला. ब्रेक माझ्या हातात होता. त्यांचा पाय पडेपर्यंत मी वाट पाहिली, मगच तो दाबला.