हाविसच्या वाट्याचं कुंपण

एडवर्ड राजाच्या अमदानीत, सेव्हर्न नदीच्या पश्चिमेला, आमच्या खोऱ्यात हाविस नावाची एक विणकरीण राहायची. बुटकी, रुंद खांद्यांची, नाकावर कायम लोकरीचा तंतू चिकटलेला. उभ्या पट्ट्यांचं कापड विणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लाल-पांढरं, हिरवं-पिवळं, पट्टा असा सरळ की नजर वरून सोडली तर घसरत थेट खाली यावी. गढीवरचे नोकर तिचंच कापड अंगावर घालून जत्रेत मिरवायचे.

गढीमागच्या डोंगरावर धन्याचं हरणांचं रान होतं. त्याला चारी बाजूंनी मातीचा बांध, बांधाच्या आतून खंदक, आणि बांधावर ओकच्या फळ्यांचं कुंपण. कुंपणाच्या उभ्या फळीला आमच्याकडे पेल म्हणत, हाविसच्या पट्टेरी कापडालाही लोक तेच म्हणत, आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे. गावातल्या प्रत्येक घराच्या वाट्याला त्या कुंपणाचा एकेक तुकडा यायचा. घर तुमचं तोवर तुकडाही तुमचा. फळ्या कुजल्या तर तुम्ही बदलायच्या, हरीण निसटलं तर जबाब तुम्ही द्यायचा, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी, सेंट मार्टिनच्या सणादिवशी, रानाचा राखणदार तपासायला आला तेव्हा तुकडा धड नसला, तर घर आणि शेत दोन्ही दुसऱ्याच्या हाती जायचं.

हाविसचा नवरा हेमो गवतकापणीच्या दिवसांत तापानं गेला. त्याच्या वाट्याचं कुंपण होतं चार काठ्या, म्हणजे साठ-सत्तर फूट लांब, आणि निम्म्या फळ्या बोट लावलं की भुसा होत होत्या.

पंधरवड्यात तिचा दीर आडकिन चुलीपाशी येऊन बसला. जवाची दारू पीत म्हणाला, "वहिनी, कुंपणाचं मी बघतो. तू घर माझ्या हवाली कर आणि मागच्या खोलीत सुखानं माग चालव."

"मागच्या खोलीत बकऱ्या असतात, आडकिन."

"असू दे की. बकऱ्या बोलत नाहीत, तुला त्रास नाही."

"तू बोलतोस तेवढं पुरे आहे. दारू संपव आणि नीघ."

तो गेला आणि हाविस तडक निघाली ती रानाच्या कडेला, विमंड म्हाताऱ्याच्या खोपटाकडे. विमंडनं जन्मभर ओक फाडून पेल केले होते. आता त्याला धड दिसत नव्हतं, पण लाकडावर तळवा ठेवला की झाड कुठल्या उतारावर वाढलं ते सांगायचा.

"काका, मला फळ्या फाडायला शिकवा."

"तुला? सुताशी खेळणारी बाई तू."

"सूत तुटतं. ओक निदान तेवढा रडका नसेल."

म्हातारा हसला आणि त्यानं लांब पात्याची पाचर आणि मोगरी तिच्या हातात दिली. "करवत लावायची नाही. करवतीनं कापलं की पाणी मुरतं. लाकडाला ज्या रेषेत उघडायचं असतं ती रेषा शोधायची. गाभ्यापासून सालीपर्यंत जाते बघ ती. चमकते."

तिनं ओंडक्याच्या तोंडाशी वाकून पाहिलं. खरंच, मधोमधून बाहेरच्या बाजूला बारीक चमकत्या रेषा गेल्या होत्या, जणू कुणी चांदीचे धागे ताणून ठेवलेत. तिनं पाचर त्यातल्या एका रेषेवर ठेवली आणि मोगरी हाणली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या घावाला ओंडक्याच्या पोटातून आवाज आला, लांबच लांब, गोठलेल्या तळ्यावर पाय पडावा तसा. आणि तो दोन पुरुष लांबीचा ओंडका या टोकापासून त्या टोकापर्यंत आपणहून उघडला.

आत ओलं, गुलाबीसर, आंबूस वासाचं लाकूड. सरळ. इतकं सरळ की हाविसचे हात खाली आले. तिच्या पणजीच्या पणजीच्या वेळेपासून हे झाड उभं होतं आणि त्याचा हा गाभा आजवर कुणीही पाहिला नव्हता, उन्हानंसुद्धा. तिनं मोगरी बाजूला ठेवली आणि देवळात जाताना काढतात तसं डोक्यावरचं फडकं काढणार, तोच तिला आठवलं की बायका देवळात फडकं काढत नाहीत. तिनं नुसतंच ते नीट बांधलं.

"उघडला का?" विमंडनं विचारलं.

"उघडला."

"गप्प का झालीस मग?"

"काही नाही. बघतेय."

"बघ, बघ. मी साठ वर्षं बघितलं. पुरलं नाही."

पुढचे तीन महिने हाविस सकाळी फाडायची आणि दुपारी बांधावर नेऊन रोवायची. खांब, खांबांना दोन आडवे वासे, वाशांवर पेल, आणि पेल ठोकायला लाकडी खुंट्या. सेंट मार्टिनला सहा दिवस उरले असताना शेवटची खुंटी बसली. त्याच दुपारी आडकिन तिथून चालला होता. तो थांबला, वाकून पाहिलं आणि पोट धरून हसायला लागला.

"वहिनी, हरणांना शिडी बांधलीस होय?"

हाविसनं पाहिलं. आडवे वासे आत, हरणांच्या बाजूला आले होते. घराच्या परसाला कुंपण घालताना वासे आतल्या बाजूला आणि गुळगुळीत बाजू बाहेर, शेजाऱ्याकडे, ही आमची रीत. हात सवयीनं तेच करून गेले होते. पण रानाच्या कुंपणाचं उलटं असतं. तिथं गुळगुळीत बाजू हरणांकडे हवी, नाहीतर वाशावर खूर टेकवून ती वर चढतात. खुंट्यांची डोकी कापून सपाट केलेली. उपसायच्या म्हटल्या तर निम्मे पेल चिरले असते.

"राखणदाराला मी काही सांगणार नाही हं," आडकिन म्हणाला. "त्याला डोळे आहेत."

ती कुंपणाला पाठ लावून बसली. मग तिला मागावरचं जाड कापड आठवलं. एक थर उलटा आला म्हणून कुणी सगळं उसवत नाही. त्याच्यावर दुसरा थर विणतात.

विमंडनं हातानं चाचपत पातळ पेल फाडले. हाविसनं ते आतल्या, म्हणजे हरणांच्या बाजूनं वाशांवर उभे केले, बाहेरच्या प्रत्येक फटीवर एक, खालची टोकं मातीत पुरून. खुंट्यांना वेळ नव्हता. तिनं हेझेलच्या झुडपाच्या ओल्या, लवचिक फांद्या पिळून त्यांचे दोर केले आणि वाशांभोवती विणत गेली, एक पेलावरून, एक पेलाखालून. बोटं फुटली. सेंट मार्टिनच्या आदल्या दिवशी अंधार पडायच्या आत चारही काठ्या पुऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी राखणदार थर्स्टन आला. त्याच्यामागे निम्मं गाव, सगळ्यांत पुढे आडकिन. थर्स्टननं पेल हलवून पाहिले. हलले नाहीत. फटीत मूठ घालून पाहिली. गेली नाही.

"असलं कुंपण मी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"मागानं, थर्स्टनभाऊ."

"माझा विश्वास नाही बसत यावर. हरणांना विचारू."

त्यानं कुत्री सोडली. रानातून पाच-सहा हरणं उधळत आली, आणि त्यांच्या पुढे एक नर, फावड्याएवढी रुंद शिंगं मिरवत. खंदक ओलांडून तो थेट हाविसच्या तुकड्यावर आला. पुढचे पाय उचलले, खूर टेकायला जागा शोधली. खूर पेलांवरून घसरला. पुन्हा उचलला, पुन्हा घसरला. विणलेले दोर करकरले. मग तो चारही पायांवर उतरला आणि तिथंच उभा राहिला.

हाविस कुंपणाच्या या बाजूला, वीतभर अंतरावर. दोन पेलांच्या मधल्या बोटाएवढ्या तिरप्या फटीतून त्याचा गरम श्वास तिच्या फुटलेल्या बोटांवर येत होता. त्याचा एक काळा, ओला डोळा तिला दिसला आणि त्याला बहुधा ती. एवढं मोठं रान, एवढं मोठं जनावर, आणि ते थांबलं होतं तिच्या हातच्या कामापाशी. तिनं श्वास रोखून धरला.

नर वळला आणि झाडीत गेला.

थर्स्टन आपली काठी उचलून पुढच्या घराच्या तुकड्याकडे निघाला. चार पावलांवर थांबून, मागे न बघता त्यानं विचारलं, "पुढच्या सालीही या तुकड्याला तूच ना?"

"मीच," हाविस म्हणाली. "घर माझं आहे."