मागून उघडा खोका

चार माणसांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला की किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. माझं भोरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. निम्मी गिऱ्हाईकं मोबाईल देतात आणि दुरुस्ती होईपर्यंत म्हणतात, "काय, दत्ताच्या खोक्याचं काय झालं मग?" मोबाईल दुरुस्त झाला तरी उठत नाहीत!

आधी माणसं सांगतो. मी कीबोर्ड वाजवतो. बबन ऑक्टोपॅड वाजवतो आणि टेम्पोही त्याचाच, त्यामुळे त्याला कुणी काही बोलत नाही. सुनंदाताई गातात. आणि गिटारवर मार्गासनी गावचा दत्ता. बोटं सोन्याची, पण मांडवात ऐकू कुणाला येणार? साऊंडवाला ऑक्टोपॅड वाढवतो, गाणं वाढवतो आणि गिटारचं बटण पार तळाला नेऊन ठेवतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "चालू हाय की!"

दत्ताचे वडील, तात्या, आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर. आणि घरी गेल्यावर दर वेळी एकच वाक्य : "समदं ऐकू आलं. तुझंच तेवढं न्हाई."

एके दिवशी तात्यांनी निकालच लावला. "आपल्या जत्रंपातूर मला तुझं वाजिवल्यालं ऐकू आलं, तर खुशाल वाजव जल्मभर. न्हाईतर गिटार खुंटीला आन् तू थोरल्याच्या पोल्ट्रीवर."

दत्ता पोरगा गरीब, पण कोंबड्यांचं नाव काढलं की त्याचा चेहरा बघवत नाही. साऊंडवाल्यावर विसंबायचं नाही, स्टेजवर गिटारसाठी स्वतःचा स्पीकरचा खोका ठेवायचा, असं त्याने ठरवलं आणि आमच्या मागे खोक्यांचं शुक्लकाष्ठ लागलं.

* * *

पहिला खोका पुण्याच्या एका मित्राकडून ट्रायलला आणला. चार स्पीकरचा, उंची सुनंदाताईंच्या खांद्याएवढी! दत्ताच्या आईने घरात घ्यायच्या आधी त्याची पूजा केली. तिने ओल्या हळदीकुंकवाचं बोट थेट स्पीकरच्या कागदावर टेकवलं तसा दत्ता किंचाळला, "आई, आत नगं! भायेरनं लाव!"

आई म्हणाली, "एकाला लावलंय. बाकीच्या तिघांनी काय घोडं मारलंय?" आणि चारही स्पीकरना लावलं. वरून झेंडूचा हार घातला.

कार्यक्रम पालीजवळच्या एका वस्तीवर, हळदीचा. टेम्पो ओढ्याशी थांबला. पुढे भाताची खाचरं आणि मधून एक बांध. धूळ बसू नये म्हणून बबनने खोक्यावर पांढरी चादर टाकली, ती उडू नये म्हणून हार वरून घातला, आणि चौघा जणांनी खोका खांद्यावर घेतला. आम्ही तिघं आणि नवऱ्या मुलीचा मामा.

समोरून एक म्हातारबाबा आले. त्यांनी बांधावरून बाजूला होऊन टोपी काढली, हात जोडले. मग आमच्या मागे मागे चालू लागले. त्यांच्या मागे आणखी दोघं.

थोडं गेल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "कोन गेलं म्हनायचं?"

बबन घामाने डबडबलेला. म्हणाला, "आजून कोन न्हाई. पर ह्यो खाली ठिवला न्हाई, तर आमच्यातलाच येक जातोय बगा!"

मांडवाच्या दारात नवरीची आत्या उभी. तिने ती मिरवणूक पाहिली आणि जी आडवी झाली! खोका शेवटपर्यंत गोठ्याजवळच राहिला. त्या दिवशी गिटार फक्त म्हशींनी ऐकली.

* * *

दुसरा खोका आम्ही करूनच घ्यायचा ठरवला. आंबवड्याचे एक सुतारनाना बबनच्या ओळखीतले, हात देखणा. दत्ताने दोन स्पीकर आणून दिले, मापं दिली, चारही बाजूंनी बंद पाहिजे म्हणून सांगितलं. म्हणजे मागून बंद, आणि पुढे स्पीकर. आम्हाला वाटलं, ते काय सांगायला पाहिजे?

नानांनी चारही बाजूंनी बंद केला. सागवानी! पुढे स्पीकर, आणि स्पीकरच्या पुढे दोन फळ्यांचं दार. कडीकोयंडा, पितळी कडी! "एवढी मोलाची वस्तू. उघडी टाकत्यात व्हय?" नाना म्हणाले.

आता म्हाताऱ्या माणसाचं मन कोण मोडणार? तसाच वेल्ह्याच्या लग्नात नेला. पहिलं गाणं सुरू झालं. दत्ता जीव तोडून वाजवतोय आणि गिटारचा पत्ता नाही. त्याने वायर हलवून पाहिली, बटणं फिरवली, माझ्याकडे रडवेल्या तोंडाने पाहिलं. गाणं संपत आलं तेव्हा सुनंदाताईंनी गाता गाताच हाताने खूण केली. दार लावलेलं!

नाना कौतुकाने पुढेच येऊन बसले होते. आम्ही कडी काढतोय तोवर शेजारच्याला सांगत होते, "बगितलं का काम? दार आसं फिट बसलंय, आवाजसुदीक भायेर आला न्हाई!"

* * *

दार काढून टाकल्यावर तो खोका वाजला, आणि असा वाजला की नको नको झालं. गिटारच्या स्पीकरची खोड अशी की आवाज नाकासमोर जातो. बरोबर समोर बसलेल्याच्या कानशिलात आणि बाजूच्याला गंधही नाही. हे आम्हाला भोरच्या एका सत्कार समारंभात कळलं.

खोक्याच्या नाकासमोर नेमका पाहुण्यांचा सोफा. त्यावर प्रमुख पाहुणे, गळ्यात हार, मांडीवर नारळ. पाहुणे उठून जाणार कुठे? मागे अख्खा मांडव "गिटारचा आवाज वाढवा" म्हणून ओरडतोय आणि पाहुणे दोन्ही हातांनी नारळ घट्ट धरून बसलेले. दत्ता बिचारा लोकांचं ऐकून वाढवत गेला.

शेवटी पाहुणे भाषणाला उठले. सुनंदाताई त्यांना माईक द्यायला शेजारी उभ्या. पाहुणे म्हणाले, "कार्यक्रम उत्तम झाला. फक्त गाणाऱ्या बाई आज का आल्या नाहीत, ते समजलं नाही!"

त्या दिवसानंतर सुनंदाताई आठवडाभर दत्ताशी बोलल्या नाहीत. आणि तात्या? "समदं ऐकू आलं. तुझंच तेवढं न्हाई."

* * *

जत्रा जवळ आली. दत्ताचा थोरला भाऊ पोल्ट्रीत त्याच्यासाठी गमबूट आणून ठेवून मोकळा झाला होता! मला खरंच वाईट वाटायला लागलं. म्हटलं, चल पुण्याला, दुकानातच बघू.

दुकानदार समजूतदार निघाला. सगळे खोके वाजवू दिले. मग एक छोटा पुढे केला, एकाच स्पीकरचा, मागून उघडा. म्हणाला, "रेकॉर्डिंगला एक स्पीकर सोपा, माईक लावायला वाद नाही. उचलायला हलका. आणि मागून उघडा असल्यामुळे आवाज पुढे जातो तसा मागेही जातो."

बबन म्हणाला, "मागं कोन ऐकतंय, साहेब? मागं आमच्या चपला आस्त्यात."

पण बबनने तो एका हाताने उचलला, पालीचा बांध आठवला आणि म्हणाला, "ह्योच घ्या. माजा जीव वाचंल."

* * *

घरी आणून दत्ताने तो भाताच्या पोत्यांच्या खोलीत ठेवला. जत्रेसाठी बसवलेलं ग्रामदेवीचं गाणं तिथेच रेकॉर्ड करायचं होतं. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, खोली एकदम स्टुडिओ. पुण्याहून रेकॉर्डिंगवाला माईक आणि लॅपटॉप घेऊन आला. दत्ता वायर लावायला वाकला आणि तसाच राहिला. खोक्याच्या उघड्या बाजूने आत कोंबडी! खाली अंडी!

"तिला हलवायची न्हाई," आईने बजावलं. "अंड्यावर बसलीया."

"आई, रेकॉर्डिंग हाय!"

"मग हळू वाजव की. तिनं काय तुजं त्वांड धरलंय?"

ज्याने पोल्ट्रीला नको म्हणून एवढा उपद्व्याप केला, त्याच्या खोक्यात कोंबडी! मी हसू दाबत पोत्यावर बसलो. रेकॉर्डिंगवाला खुणेने म्हणायचा, वाढवा. आई दारातून खुणेने म्हणायची, कमी कर. शेवटी कोंबडी मान वर करणार नाही इतक्या हळू दत्ता वाजवत राहिला, आणि रेकॉर्डिंगवाल्याने माईक अगदी स्पीकरला टेकवला.

ऐकून बघितलं, तर इतकी गोड गिटार आम्ही कधी ऐकली नव्हती. रेकॉर्डिंगवाला चक्रावला. "हा टोन कसा काढलात?"

आई म्हणाली, "पिल्लं निघाली की सांगते."

दत्ताने धावत जाऊन ते गाणं तात्यांच्या कानाला लावलं. तात्यांनी मोबाईल बाजूला केला. "मोबाईलातलं न्हाई धरायचं. जत्रंत बगू."

* * *

पिल्लं निघाली, खोका मोकळा झाला आणि जत्रा आली. संध्याकाळी पालखी देवळात गेली आणि आमचा कार्यक्रम सुरू झाला. दत्ताने छोटा खोका आपल्या पाठीशी ठेवला होता. डोळ्यांवर लाईट, समोरचं माणूस दिसत नव्हतं. तरी तो सारखा गर्दीत तात्यांना शोधत होता.

देवीच्या गाण्यात त्याचं बोट एका जागी घसरलं. मी शेजारी म्हणून मला कळलं. मांडवात कुणाच्या लक्षात आलं नाही, टाळ्या दणक्यात पडल्या. पण दत्ताचा चेहरा उतरलेलाच. गर्दी पांगली तरी तात्या कुठेच दिसले नाहीत.

"आलेच न्हाईत," दत्ता म्हणाला. त्याने गिटार गळ्यातून काढली आणि वायर गुंडाळायला स्टेजच्या मागे उतरला. मी आणि बबन पाठोपाठ.

मागे आमच्या चपलांच्या ढिगाशेजारी, पालथ्या घमेल्यावर तात्या बसले होते.

"तात्या, तुमी हितं?"

"पयल्यापासनं परत्येक कार्यक्रमाला मागंच बसतो," तात्या म्हणाले. "म्होरं बसलो की मला बगून तुजा हात थरथरतो. ल्हान हुतास तवापासनं."

बबनने माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

दत्ताने हातातली वायर खाली ठेवली. कसंबसं म्हणाला, "मग आज... आलं का काय ऐकू?"

तात्या घमेल्यावरून उठले, धोतर झटकलं, पायात चप्पल सरकवली.

"देवीच्या गान्यात मधीच चुकलास की रं!"