कोहळ्याचं शेवटचं गाणं

भुतांच्या अनुभवांच्या या पानावर दर आठवड्याला कुणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई दिसते. मला आजवर एकही दिसली नाही, आणि दिसली असती तर आधी चप्पल बाहेर काढायला लावली असती. भूतबित सगळी बकवास, हे माझं मत आजही कायम आहे. तरी लिहून राहिलो... कारण हे काही केल्या पचत नाही.

नव्या रायपुरात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. रस्ते रुंद, बस कधीतरी, दुपारी कुत्रंही भुंकत नाही — म्हणून मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून मी स्टुडिओ केला. देवीची जसगीतं, लग्नाची गाणी रेकॉर्ड करतो. इज्जतीचं काम. आणि माझा धाकटा भाऊ विलास, उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधला सुपरवायझर, त्याला काढायचा सायकेडेलिक रॉकचा अल्बम! म्हणजे काय, तर गिटार रेकॉर्ड करून उलटी वाजवायची, आवाज विहिरीतून आल्यासारखा करायचा, आणि गायचं काय... एक कोहळं बसने मंत्रालयात जातं, तिथे गोगलगाय साहेब होऊन बसलेली असते, मग छत्रीचं लग्न लागतं. चाळिशीतल्या माणसाने! प्रत्येक गाणं झालं की माईकपासूनच विचारायचा, "जमलं का, दादा?" मी म्हणायचो, "जमलं बाप्पा, आता घरी जाय."

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी पठ्ठ्या दारात हजर. आवाज पार बसलेला, कुजबुजल्यासारखा.

"दादा, शेवटचं गाणं राह्यलं. कोहळं घरी परत येते, ते. उद्यापासून मले गाता नाही येनार."

"काहून जीव काढून राहिला? कोण ऐकते तुझं कोहळं?"

ऐकेल तो विलास कसला! माईकपुढे उभा राहिला, तोंड उघडलं... काहीच नाही. अख्खं गाणं त्याने नुसते ओठ हलवून म्हटलं. माझी बायको चहा घेऊन दारात उभी होती, तिलाही काही ऐकू आलं नाही. स्क्रीनवर सरळ रेष. त्याचे डोळे भरून आले, आणि माझं डोकं फिरलं — कोहळ्यासाठी रडून राहिला, गाढव कुठला!

आमच्या कामात रिकाम्या खोलीची शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवतात, दोन ओळींमधल्या फटी बुजवायला. विलासचं ते गाणं मी 'शांतता' नाव देऊन त्यातच ठेवलं. दुसरा उपयोग काय होता त्याचा?

ऑपरेशन झालं. विलास वाचला, आवाज गेला. बरा झाल्यावर एका दुपारी गळ्याला पट्टी बांधून माझ्या शेजारी बसला होता, मी बाकीची गाणी जुळवत होतो. एका फटीत 'शांतता' टाकली. आणि स्पीकरमधून विलास गायला लागला. अख्खं गाणं, खणखणीत, मिलची धूळ खायच्या आधीचा आवाज!

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, भाऊजी गाऊन राहिले का?"

जुनी फाईल वाजली म्हणाल, तर हे गाणं आधी कधी रेकॉर्डच झालं नव्हतं. कॉम्प्युटरची गडबड म्हणाल, तर इतकी भिकार चाल कॉम्प्युटरलाही सुचणार नाही. मी विलासकडे पाहिलं. त्याने घाबरून 'मी नाही' अशी मान हलवली.

गाणं संपलं. मग स्पीकरमधून आलं — "जमलं का, दादा?"

शेजारी विलास माझ्या तोंडाकडे बघत बसलेला.

"जमलं रे," मी म्हणालो. घरी जाय म्हणवलं नाही.

कसं झालं, मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, फक्त ती साडीवाली मधे आणू नका. गाणं अजूनही भिकारच आहे. विलास रोज येतो, आम्ही दोघं ते ऐकतो.