मामांच्या मोटारीला जवसाचं रोगण

आमच्या सासऱ्यांची नवी मोटार दोन बैलांनी चाटली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. उभा म्हणजे काय, त्यातल्या एका बैलाच्या शेपटीला लोंबकळत होतो. बैलानं त्याकडे अजिबात लक्ष दिलं नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. मी निर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. सासरे, म्हणजे मामा, गुलबर्ग्याला रस्त्यांचे ओव्हरसियर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर उन्हातान्हात उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी रस्ते केल्यावर त्यांनी एकदाची स्वतःची गाडी घेतली. गडद निळी! आमच्या सगळ्या भावकीतली पहिली! ती बघायला आळंदपासून चिटगुप्प्यापर्यंतचे पाहुणे येऊन गेले, आणि प्रत्येकानं पायातली चप्पल बाहेर काढून आत बसून पाहिलं.

मामा मोजकं बोलणारे. मला ते 'मास्तर' म्हणत. आमचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी माझ्यावर टाकलेली सगळ्यात मोठी जबाबदारी म्हणजे, "मास्तर, जरा पंखा बंद करा." त्यात आता धाकट्या मेहुणीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा सोलापुरात एका मिलमध्ये बॉयलरवर इंजिनियर. सासरी त्याचं नाव कुणी घ्यायचंच नाही, नुसतं 'इंजिनेर' म्हणायचे, आणि म्हणताना बायका पदर सावरायच्या. हा माणूस जावई होऊन घरात आला की मी पंख्याच्या बटणावरूनही उठणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याच्याआधी काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

आणि संधी चालून आली! साखरपुड्यासाठी मामांच्या घराला चुना द्यायला काढला होता. शिंतोडे उडू नयेत म्हणून मामा गाडी स्वतः चालवत निर्ण्याला घेऊन आले आणि माझ्या रिकाम्या पडवीत उभी केली.

"जयभीम, मास्तर. साखरपुड्यापत्तर गाडी हितंच राहू द्या."

"मामा, तुम्ही अगदी निर्धास्त राहा!"

"निर्धास्त न्हाई म्हनूनच सांगायलोय. काई करायचं न्हाई. निस्ती बगायची."

मग रुमालानं दाराची मूठ पुसून ते बसनं परत गेले.

एक दिवस मी नुसती बघितली. पण आमच्या गावची धूळ कशी, तर बंद पेटीतल्या कपड्यांवरही बसते. गुलबर्ग्यातल्या एका दुकानदारानं मागे सांगितलेलं मला आठवलं, की नव्या गाडीला आधी पॉलिश करावं आणि त्यावर संरक्षक थर द्यावा, म्हणजे रंग जन्मभर टिकतो. मी बायकोला म्हटलं, "विमल, गाडीला थर द्यायला हवा."

"अवं, दादा काई करू नका म्हनले न्हवं?" (वडिलांना ती दादा म्हणायची.)

"काही करू नका म्हणजे काही बिघडवू नका. संरक्षण करणं हे 'करण्यात' येत नाही." (वर्गात असं काही बोललो की मुलं गप्प बसत.)

"मग तुमचे हात कामून शिवशिवायलेत?" विमल म्हणाली. ती माझ्या वर्गात कधी नव्हती.

आता निर्ण्यात तो दुकानातला थर कुठून मिळणार? पण गावात बसप्पाअण्णा होते. कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या सणाला, पंचक्रोशीतल्या बैलांची शिंगं घासून रंगवायची ती अण्णांनी. एरवी बैलगाड्यांच्या चाकांना रोगण चढवायचं तेही अण्णांनीच. अण्णा आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर बोटानं टकटक केलं.

"मास्तर, शिंगाचं सालटं आनि ह्या पत्र्याचं सालटं, काय फरक हाय सांगा."

"अण्णा, शास्त्रीयदृष्ट्या शिंग म्हणजे..."

"फरक न्हाई. जवसाचं तेल कडवायचं, त्यात राळ टाकायची. माज्या रोगनावरनं वरीसभर पानी घसरून जातंय. बैलाला इचारा!"

बैलाला कोण विचारणार? मी तेल आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आधी मी शाळेतल्या खडूची वस्त्रगाळ भुकटी करून गाडी घासली. मग अण्णांनी विमलच्या जुन्या लुगड्याचा बोळा बुडवून रोगण चढवलं. काय झळाळी आली म्हणता! बॉनेटमध्ये वाकून मी माझी मिशी कातरून घेतली. अण्णांना मात्र समाधान नव्हतं. पुढच्या दोन दिव्यांना लाल-हिरवे पट्टे मारल्याशिवाय जनावर उघडं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. पट्टे मी मारू दिले नाहीत. तरी त्यांनी दोन्ही आरशांना गोंडे बांधलेच.

संध्याकाळी दारावर एक माशी बसली. ती बसलीच. मी हात लावून पाहिला, तर हातही तिच्या शेजारी राहायला निघाला.

"अण्णा, हे वाळणार कधी?"

"पडवीत कसं वाळतंय? वारं पायजे की!"

आता मात्र विज्ञान कामाला आलं. मी रुमाल धरून, बोट ओलं करून अख्खं गाव पालथं घातलं आणि सगळ्यात जास्त वाऱ्याची जागा शोधून काढली. गावाबाहेरच्या उंचवट्यावरचं शांताक्काचं खळं! शांताक्का म्हणजे आमच्या गल्लीतली खटपटी बाई, एकटीच्या जिवावर शेत करायची. तिची तूर बडवून झाली होती, ढीग ताडपत्रीखाली झाकलेला होता, खळ्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी चालवायला मला येत नव्हती आणि ढकलायला कुणी तयार नव्हतं, कारण ढकलणारा गाडीबरोबरच पुढे जाणार. शेवटी शांताक्काचेच बैल बंपरला जुंपले. आरशांना गोंडे बांधलेली मोटार बैल ओढताना पाहून लोक वाटेत हात जोडत होते. खळ्यावर गाडी उभी केली, बैल कडेला बांधले आणि मी पहाऱ्याला बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पान हललं नाही. मी छत्री घेऊन बाभळीखाली बसून होतो. दुपार कलली आणि वारा सुटला! मला इतका आनंद झाला की मी उठून छत्री हलवली. तेवढ्यात समोरून सुपं, पाट्या आणि तिवया घेऊन शांताक्काची माणसं चढण चढताना दिसली.

"शांताक्का! आज उपणू नका!"

"का बरं?"

"गाडी वाळायलीय!"

"वाळू द्या की. मी काय तुमचं वारं आडवायले व्हय?"

"अहो, भुसकट उडेल!"

"मास्तर, किती दिस झाले वाऱ्याची वाट बगायले. आता आलंय तर तुमच्या गाडीला इचारून उपणू व्हय?"

मी जी जागा रुमाल धरून शोधली होती, ती गावानं कैक पिढ्यांमागे शोधली होती. म्हणूनच तर तिथं खळं होतं! ज्या वाऱ्यात रोगण वाळतं त्याच वाऱ्यात तूर उपणतात, एवढंच विज्ञान शिक्षकाच्या लक्षात यायचं राहिलं होतं.

पहिली पाटी वर गेली. तूर सरळ खाली आली आणि भुसकट सरळ गाडीवर गेलं. मी हात पसरून मध्ये उभा राहिलो, छत्री उघडली, छत्री उलटी झाली. पाट्यामागून पाट्या! बघता बघता बॉनेट पिवळं झालं, मग टप, मग दारं, आणि निळा रंग कुठे दिसेनासा झाला. थोड्या वेळानं तिथं मोटार नव्हती, एक भलंमोठं केसाळ जनावर गोंडे हलवत उभं होतं. अण्णा धावत आले. त्यांनी त्या लोकरीवरून मायेनं हात फिरवला.

"थंडी वाजायची न्हाई आता," ते म्हणाले.

आणि बैल सुटले. कसे सुटले कोण जाणे, पण ज्या जनावराला सणासुदीलाच जवसाची पेंड मिळते, त्याच्यापुढे जवसात घोळलेलं ताजं तुरीचं भुसकट मांडल्यावर दावं किती टिकणार? दोघांनी दोन बाजू वाटून घेतल्या. मी धावून शेपटीला धरलं, ते वर सांगितलंच आहे. तेवढ्यात माझी भाकरी घेऊन आलेली विमल ओरडली, "अवं, वडू नका! निघायलंय की!"

खरंच की! जीभ फिरली तिथं भुसकट जाऊन निळा रंग दिसत होता. मी शेपटी सोडली, वेसण धरली आणि राहिलेल्या जागा दाखवू लागलो. "हितं, राजा, हितं. दाराखाली. शाब्बास! आता डिकी..."

"मास्तर."

मी वळलो. मामा उभे होते. साखरपुडा दुसऱ्या दिवशी होता, आणि गाडी न्यायला ते आज येणार हे मी वाऱ्याच्या नादात विसरून गेलो होतो.

"मास्तर, ही माजी गाडी हाय का?"

"हो, मामा. म्हणजे... आतून."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि दाराची मूठ पुसायला गेले. रुमाल तिथंच राहिला. जन्मभर डांबराच्या धुरात उभं राहून मिळवलेली वस्तू होती ती. त्यांचा चेहरा पाहून मी वेसण सोडली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मला आणि विमलला मागे बसवून त्यांनी गाडी तशीच गुलबर्ग्याला काढली. हुमनाबादला गाडी थांबली तर शेळ्या जमल्या. त्याच गाडीतून सकाळी इंजिनियरकडची मंडळी स्टेशनवरून आणली. त्याच्या आईनं गाडीला हात लावून पाहिला, हात सोडवून घेतला आणि विचारलं, "मोटारीला केस असतात का हो?"

"आमचे मास्तर हायेत ना, त्यांनी आनलेत," मामा म्हणाले. मी पाठीमागच्या सीटवर शक्य तितका लहान झालो.

इंजिनियर मात्र शांत होता. "मामा, अजिबात काळजी करू नका. बॉयलर साफ करायचं औषध आहे आमच्याकडे. मी बघतो."

साखरपुडा पार पडला, आणि पुढच्या रविवारी तो खरंच कॅन घेऊन आला. रबरी हातमोजे, बूट! सगळं घर अंगणात जमलं. मला लांब, ओसरीवर, खुर्ची दिली होती, आणि "मास्तरांना उठू देऊ नका" अशी ताकीद होती. त्यानं ते कॉस्टिक सोड्याचं पाणी वरून ओतलं आणि काय सांगू, भुसकट सरसर खाली! पाठोपाठ अण्णांचं रोगण! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझी जागा गेली ती गेलीच, असं मनाशी म्हटलं.

मग मोरीकडे जाणारं पाणी निळं झालं.

"हे काय?" मामा म्हणाले.

"मळ असेल," इंजिनियर म्हणाला.

पाणी आणखी निळं झालं. बॉनेटवर पांढरा पत्रा उघडा पडला, मग टपावर, मग दारांवर. थोड्या वेळानं अंगणात नागडी गाडी आणि तिच्याशेजारी हातमोजे घातलेला इंजिनियर, असे दोघेच उरले. मामांनी पत्र्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, तिकडं लांब कामून बसलाव? या, हितं बसा."

पुढे लग्न झालं, गाडीही पुन्हा रंगली, आणि सासरी माझा मान जो वाढला तो आजतागायत कमी झालेला नाही. कुणी नवा पाहुणा आला की मामा आम्हा दोघा जावयांना पुढे बोलवत आणि आधी माझ्या खांद्यावर हात ठेवून अभिमानानं सांगत, "हे आमचे थोरले जावई. ह्यांनी केलेली घाण निदान धुतली तर निघायची!"