सिस्टरांची न घेतलेली लस

सिस्टर माणसाचा आधी दंड बघायच्या, चेहरा नंतर. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत मी नवीन राहायला आले तेव्हा समोरचं दार उघडून त्यांनी माझ्या बिनबाह्यांच्या ड्रेसकडे पाहिलं आणि विचारलं, "बीसीजीची खूण छान उठलीय. कोणी टोचलं होतं?" टोचलं तेव्हा मी नुकतीच जन्मलेली असल्यामुळे मला काही सांगता आलं नाही. त्यांनी आईला विचारून ठेवायला सांगितलं आणि मग चहाला बोलावलं.

त्यांचं नाव सुलभा, गाव रत्नागिरीकडचं. सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. पण सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची, आणि यजमान होते तोवर तेही सिस्टरच म्हणायचे. नोकरीत असताना त्या लसी घेऊन उत्तन-पालीच्या गल्ल्यांतून हिंडायच्या. दारातली बाई "घरान कोन न्हाय" म्हणायची आणि तिच्या पाठीमागे पोर खोकत असायचं. सिस्टर उंबऱ्यावर बसून राहायच्या. त्यांचं एकच म्हणणं असे, "सुई दिसली की माणूस खोटं बोलतो. राग मानायचा नाही, बसून राहायचं."

त्यांचा मुलगा महेश गॅबॉनला होता. आफ्रिकेतल्या घनदाट जंगलाच्या कडेला लाकडाचा कारखाना, तिथे तो सुपरवायझर. बायकोही तिथेच. त्यांना मुलगी झाली, सई, आणि सिस्टरांनी नात पाहिली ती मोबाईलवर. नेटवर्क गेलं की पोरीचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. महेशला एवढ्यात सुट्टी मिळणार नव्हती. सिस्टरांनी ठरवलं, आपणच जायचं.

तयारी अशी, की विचारू नका. टायफॉइडचं इंजेक्शन झालं, काविळीचं झालं. मलेरियाच्या गोळ्या जाण्याआधी सुरू करायच्या, तिथे घ्यायच्या आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की जणू मीच निघाले होते. लांब बाह्यांचे फिक्या रंगाचे कुडते शिवून आणले. मच्छरदाणी घेतली आणि ती तपासायला हॉलमध्ये टांगून आत खुर्ची टाकून बसल्या. टीव्हीवरची मालिका त्या आतून बघत. आलेल्या-गेलेल्याशी आतूनच बोलत. वरच्या मजल्यावरचे जिग्नेशभाई मेंटेनन्सचं विचारायला आले, तर त्यांना म्हणाल्या, "बाहेरच बसा. पडदा हलवू नका." जिग्नेशभाई बिचारे बाहेर बसले आणि पूर्ण एपिसोड बघून गेले.

अडलं ते मच्छर चावून होणाऱ्या पिवळ्या तापाच्या लसीपाशी. ती घेतल्याशिवाय त्या देशात पाऊल टाकता येत नाही. ती जिवंत लस, म्हणजे दुबळे केलेले पण जिवंत विषाणू टोचायचे. सिस्टरांना संधिवात, त्यासाठी चालू असलेल्या गोळ्या अंगातली प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या. अशा माणसाला ही लस द्यायची नसते, जिवावर बेतू शकतं. वर वयही साठीच्या पुढचं. हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती, सिस्टरांना ते तोंडपाठ होतं. डॉक्टर म्हणाले, लस देता येत नाही असं पत्र देतो, कदाचित चालेल. सिस्टरांनी विचारलं, "ते पत्र मच्छराला वाचता येतं का?"

बिल्डिंगने आपल्या परीने सल्ले दिले. आपल्याकडे डॉक्टरला खरं सांगणं हा भोळेपणाच मानतात. जिग्नेशभाई म्हणाले, "बोल दो कोई दवा चालू नहीं है. कौन देखने आता है?" तळमजल्यावरच्या परबवहिनींचंही तेच. मी विरोधात होते, पण सई मोबाईलवर 'आ आ' करायला लागली की सिस्टरांचा चेहरा बघवत नसे, म्हणून गप्प बसले.

मुंबईतल्या लसीच्या केंद्रावर त्यांच्याबरोबर मीच गेले. तिथल्या डॉक्टरांनी मान खाली घालून विचारलं, काही औषधं चालू आहेत का? सिस्टर म्हणाल्या, "नाही." आम्हाला आत पाठवलं. आत एक तरुण नर्स होती. तिने कापसाने सिस्टरांचा दंड पुसला, इंजेक्शन भरलं, वळली. सिस्टरांनी हात मागे घेतला.

"मला परत विचार," त्या म्हणाल्या.

"काय विचारू, आजी?"

"औषधं चालू आहेत का ते विचार. माझ्याकडे बघून विचार."

पोरीने बघून विचारलं. सिस्टरांनी गोळ्यांची नावं सांगितली, डोस सांगितला, किती वर्षं चालू आहेत तेही सांगितलं. पोरीने इंजेक्शन खाली ठेवलं.

टॅक्सी दहिसरला आली. सिस्टर म्हणाल्या, "चांगली मुलगी होती. हात हलका असणार." मला रडू आलं, त्यांना नाही. घरी महेशचा फोन आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती, असं तो आईला चिडून विचारत होता. सिस्टर हं हं करत मच्छरदाणीची घडी घालत होत्या.

पुढे वर्षभराने महेशला सुट्टी मिळाली. तोवर सईला तिथे पिवळ्या तापाची लस टोचून झाली होती. ती मंडळी यायच्या दिवशी सिस्टर सकाळपासून नव्या साडीत. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, तबक घेतलं, सईला कुंकू लावायला बोट टेकवलं आणि तिथेच थांबल्या. पोरीचं कपाळ तापलं होतं.

महेश म्हणाला, विमानातला एसी. सून म्हणाली, दात येताहेत. सिस्टरांनी विचारलं, तिला मलेरियाचं औषध देत होतात का? मच्छरदाणी लावत होतात का? महेश म्हणाला, तिथे कायम राहणारं कोणी एवढं करत नाही, आई. सिस्टरांनी पेटत्या निरांजनासकट तबक माझ्या हातात दिलं, सईला उचललं आणि घरातल्या चपलांवर जिना उतरून कोपऱ्यावरची लॅब गाठली. मी तबक परबवहिनींकडे देऊन मागे धावले.

एवढी वाट पाहिलेली नात मांडीवर आली ती अशी, लॅबच्या बाकावर. रक्त काढताना सिस्टरांनीच तिचा हात घट्ट धरला. पोर किंचाळली. मलेरियाच निघाला, तोही वाईटातला. त्यांनी तसंच तिला हॉस्पिटलात नेलं, तिथेही सलाईन लावताना हात यांनीच धरला. वेळेत आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सई वाचली.

वाचली, पण आजीला बघितलं की भोकाड पसरायची. माझ्याकडे यायची, जिग्नेशभाईंच्या खांद्यावर झोपायची. आजी दिसली की हात पाठीमागे लपवायची. सिस्टरांनी खेळणी आणून पाहिली, खिमट भरवून पाहिलं, छे. सुट्टी संपत आली तरी पोर काही त्यांच्याकडे गेली नाही. सिस्टर म्हणायच्या, "जोर आहे ना रडण्यात? मग बरी आहे."

निघायच्या दिवशी, पोर रडत जायला नको म्हणून त्या स्वयंपाकघरात दार लोटून उभ्या राहिल्या. महेश आत जाऊन पाया पडून आला. टॅक्सी गेटबाहेर गेल्यावर बाहेर आल्या. महेशच्या पुढच्या सुट्टीपर्यंत सिस्टर हयात राहिल्या नाहीत, पण हे तेव्हा आम्हा दोघींना कुठे ठाऊक होतं!

मला म्हणाल्या, "पापा घेतलास ना तिचा?"

"घेतला."

"अंग कसं होतं?"

"गार होतं, सिस्टर. एकदम गार."

"मग झालं तर," असं म्हणून त्या खाली बसल्या आणि मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.